सरूबाई भंडारा उचलत नाही

मेंढकेवस्तीवर कुणालाही विचारा, सरूबाई कशाला भिते? लोक हसतील. भिंतीतून निघालेल्या सापाला काठीनं "हो बाजूला" म्हणणारी ही बाई. सर्वे करायला आलेल्या साहेबाला "बूड टेक की रे मेल्या जरा, पळायलायस कुठं," म्हणून दरडावणारी. वय चौऱ्याऐंशी, तोंडात दात चार, पण जीभ अशी की समोरच्याची सालपटं काढून त्याच्याच हातात देईल. अंगणात खाट, खाटेवर सरूबाई, हातात लोकर कातायची टकळी, समोर दौलताबादचा किल्ला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिच्या तोंडून काहीतरी प्रसाद मिळाल्याशिवाय रस्ता मिळत नाही.

आणि तरी बिरोबाच्या देवळात पुजारी भंडाऱ्याची परात घेऊन समोर आला, की ही बाई दोन्ही हात पदराखाली लपवते. नुसतं कपाळ पुढं करते. "लाव तुझ्या हातानं," म्हणते. धनगराच्या घरात जन्मली, धनगराच्याच घरात नांदली, नवरा गेल्यावर परत भावाच्या दारात आली, पण शहात्तर वर्षांत चिमूटभर भंडारा तिनं हातात घेतलेला नाही. पोरं चिडवतात, "आजीला हळदीची ॲलर्जी हाय." ती म्हणते, "व्हय बाबांनो. लई जुनी हाय."

भंडारा म्हणजे हळदच, दुसरं काय. पण देवाची. वस्तीत कोर्टकचेरीच्या आधी भंडारा. कुणाची मेंढी हरवली, बांध कुणी सरकवला, सुनेनं सासूला खरंच शिवी दिली का, उचल भंडारा आणि बोल. ही हळद मुठीत धरून खोटं बोललं तर निर्वंश होतो, मेंढरं बसल्या जागी मरतात, बोलणारा रक्त ओकतो. सरूबाईला हे तिच्या बापानं, बिरूनं, मांडीवर बसवून शिकवलं होतं. बापानं शिकवलेलं पोरगी लई नीट शिकली, आणि तिथंच सगळं बिघडलं.

गेल्या श्रावणात तिचा भाचा अंगद मोबाईल नाचवत अंगणात आला. अंगद म्हणजे तिच्या धाकट्या भावाचा पोरगा. शेती बघतो, थोडी मेंढरं राखतो, बाकी वेळ पुढारी व्हायचं बघतो. आजोबाला, म्हणजे बिरूला, तोही आबाच म्हणतो.

"आत्या, मेहरुन्निसा आजी येणार हाय हैदराबादहून! आबानं जिला लोकरीत लपवून वाचवली ती! तिच्या नातीनं मला हुडकून काढलं. मुक्तिदिनाच्या दुसऱ्या दिवशी सत्कार ठेवायलोत. वस्तीला आबाच्या नावाची कमान मागायची."

सरूबाईची टकळी थांबली. "सत्कार कुणाचा?"

"आपला! आबाच्या घराण्याचा."

"आणि सखारामचा?"

"कोण सखाराम? तो चहाडखोर?" अंगदनं तोंड वाकडं केलं. "चांगल्या कामाला त्याचं नाव काहून काढायलीस? त्यानंच तर सांगितलं त्या लोकांना. त्याच्यामुळंच त्या दुसऱ्या पोराचा जीव गेला."

सरूबाई गप बसली. ती गप बसली म्हणून अंगदची बायको चुलीपुढून उठून बाहेर बघून गेली, म्हातारी बरी हाय ना म्हणून. म्हातारी बरीच होती. तिनं फक्त मनाशी ठरवलं होतं, की मेहरू आली की तिच्यासमोर आणि सगळ्या वस्तीसमोर एकदा सांगून टाकायचं. सखारामनं नाय सांगितलं. मी सांगितलं. एवढं बोलून मग मेलं तरी चालंल.

ते साल पोलीस ॲक्शनचं, अठ्ठेचाळीसचं. आधी निजामाच्या रझाकारांनी जीव नकोसा केला होता. बिरूची वीस मेंढरं हाकून नेली, त्याच्या भावाचा हात मोडला. मग फौज आली, चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य बुडालं, आणि ज्यांनी छळलं होतं ते रातोरात पसार झाले. मागं उरले ते ज्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. पण सूड डोक्यात भिनला की माणूस कोणताही चालतो. टोळकी निघाली. कुऱ्हाडी, भाले, मशाली. गावागावांत काय काय झालं ते म्हातारी माणसं अजूनही आवाज खाली करून बोलतात.

चाँदमियाँ हा लोकरीचा व्यापारी. दर साली बिरूची लोकर घ्यायचा, बिरूच्या अंगणात बसून भाकरी खायचा. त्याला मारल्याची बातमी आली, त्याच दिवशी दिवेलागणीला सखाराम चाँदमियाँची दोन लेकरं घेऊन बाजरीतून वस्तीवर आला. अकरा वर्षांचा यासीन चालत होता. सहा वर्षांची मेहरू सखारामच्या खांद्यावर झोपली होती. सखाराम गावचा येसकर. गावकुसाबाहेर राहायचा, वेशीवर पहारा द्यायचा, गाव सांगेल ते काम करायचा.

"बिरूआण्णा," तो लांबूनच म्हणाला, कारण जवळ यायची त्याला मुभा नव्हती, "मपल्या घरी ठिवलं असतं. पण मपल्या घरात कुणीबी कधीबी शिरतं, विचारीत नाय. तुमच्या दारात कुत्रे तरी हायेत."

बिरूनं एका शब्दानं विचारलं नाही. लेकरं आत घेतली.

मेहरूला कोपीतल्या लोकरीच्या ढिगात दडवली. यासीन मोठा, त्याला ढिगात कुठं कोंबणार? मग त्याचे केस भादरले, कमरेला पंचा, अंगावर घोंगडी, आणि नाव ठेवलं हनुमान. बिरूच्या बहिणीचा पोरगा, आजोळी आलाय. त्याला शिकवायचं काम आठ वर्षांच्या सरूकडं आलं. अब्बा म्हणायचं नाही. बिरूच्या बायकोला, राजाबाईला, माय म्हणायचं. देवळासमोरून जाताना हात जोडायचे. मेंढरांना कसं हाकारायचं, कोकरू कसं धरायचं, सगळं. पोरगं हुशार. एकच खोड जाईना. राजाबाईनं भाकरी हातात दिली की तोंडातून निघायचंच, "शुक्रिया." सरू त्याच्या पाठीत धपाटा घालायची. "हनुमान शुक्रिया म्हणत नसतो रे येड्या! गप खायचं!" अकराव्या दिवशी त्यानं भाकरी घेतली आणि गप खाल्ली. सरूला लई आनंद झाला.

बाराव्या दिवशी, भर दुपारी, पंधरा-वीस जण आले. बाहेरगावचे होते, दोघं-तिघं ओळखीचेही होते. वस्त्यांची झडती घेत चालले होते. यासीन कोकरं घेऊन अंगणात उभा.

"हे पोरगं कुणाचं?"

"बहिणीचं," बिरू म्हणाला. "हनुमान."

पोरगं उजळ, डोळे घारे. त्यांना शंका आली. एक जण म्हणाला, "पंचा सोडा त्याचा. आत्ता कळतंय."

बिरू आडवा झाला. "मपल्या दारात मपल्या भाच्याला नागवं करता? धनगराच्या अंगणात? थांबा." तो आत गेला, देवळीतल्या बिरोबासमोरचा भंडारा मूठभरून घेऊन आला, आणि हात वर करून म्हणाला, "बिरोबाच्यानं सांगतो, हे पोरगं मपल्या बहिणीचं. खोटं असंल तर मपला निर्वंश होवो."

काम झालं होतं. धनगर खोटा भंडारा उचलत नसतो, हे त्या टोळक्यालाही माहीत होतं. म्होरक्यानं मान हलवली. मागचे दोघं तर वळून चालूही लागले होते.

पण सरूनं काय बघितलं? तिच्या बापाच्या मुठीत भंडारा, आणि तोंडात खोटं. निर्वंश म्हणजे काय हे तिला पाठ होतं. पाळण्यात तिचा दोन महिन्यांचा भाऊ झोपला होता. तो मरणार, मेंढरं मरणार, आणि आबा आत्ता, इथं, रक्त ओकणार. ती पळत आली आणि बापाच्या हाताला लोंबकळली.

"आबा, टाक! टाक खाली! मरशील तू! बाळ मरंल! हा हनुमान नाय, यासीन हाय! देवा, आबा चुकून बोलला, त्याला मारू नको!"

भंडारा सांडला. सगळीकडं हळद झाली.

पुढचं सरूबाई कधी बोलत नाही, आपणही विचारू नये. यासीनला ओढ्याकडं नेलं. बिरू आडवा गेला, त्याच्या डोक्यात दांडकं बसलं. जाताना पोरगं ओरडलं नाही. राजाबाईकडं बघून "माय" म्हणालं, शिकवलं होतं तसं. मेहरू लोकरीच्या ढिगात होती, तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. तीन आठवड्यांनी तिचा मामा आला आणि तिला हैदराबादला घेऊन गेला.

बिरूनं सरूला मारलं नाही. मारलं असतं तर एखादवेळी फिटलं असतं. त्यानं नुसतं तिला मांडीवर घेणं सोडलं.

मग सगळं निवळलं तशी गावाला चौकशी सुचली. टोळक्यात जे गावचे होते ते तर काखा वर करून मोकळे; सरूचं ओरडणं सांगायचं तर आपण तिथं होतो हे कबूल करावं लागलं असतं. पोरं वस्तीवर आहेत हे बाहेर फोडलं कुणी, एवढंच सगळ्यांना पाहिजे होतं. चावडीपुढं माणसं जमली. पाटील म्हणाला, "घरच्यांशिवाय ठाऊक कुणाला होतं? सखारामला. बिरू, सखारामनंच सांगितलं ना?"

बिरू खाली बघत राहिला.

सरू तिथंच उभी होती. तिनं तोंड उघडलं, तर राजाबाईनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की कातडं निघालं. "आता गप," माय कानात म्हणाली. काय लेकराचं नशीब बघा! जिथं जीभ दाताखाली धरायची तिथं ती सुटली, आणि जिथं सोडायची तिथं मायेनं चिमटा काढला.

सखाराम हात जोडून उभा होता. "मी नाय, मायबाप. द्या मला भंडारा. मी उचलतो. मपल्या एकुलत्या लेकराची आण घेतो." चावडी हसली. तुझ्या हातात आमच्या देवाचा भंडारा? विटाळ नाय व्हायचा? ज्याचा हात खरा होता त्याला हळद शिवू दिली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. सखारामला चाबकानं फोडला, येसकरी काढली, आणि दुसऱ्या दिवशी तो बायको द्वारकाबाई आणि तान्हं पोर घेऊन शहरात निघून गेला. मोंढ्यात पोती उचलत जगला आणि तिथंच मेला. गावाकडं पाय ठेवला नाही.

आणि बिरू? बिरू एक्याण्णव वर्षं जगला. त्याचा पोरगा वाढला, नातू अंगद झाला, पणती ज्ञानेश्वरी मांडीवर खेळली. मेंढरं दुप्पट झाली. सरू लहानपणी रोज उठून आधी बाप जिवंत आहे का बघायची. खोकला आला तरी तिची पाचावर धारण बसायची. मोठी झाली, नांदायला गेली, तिला दोन लेकरं झाली आणि दोन्ही वर्षाच्या आत गेली. दुसऱ्या लेकराला पुरून आली तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. देव काहीच करणार नव्हता. खोटा भंडारा उचलणाऱ्याला काही झालं नाही, उलट भरभराट झाली. त्या दिवशी ती गप राहिली असती तर आबा असाच जगला असता आणि यासीनही म्हातारा होऊन कुठंतरी नातवंडांवर खेकसत बसला असता. खोट्याचा वंश वाढला आणि खरं बोलणारीची कूस रिकामी. याला देव म्हणायचं तर म्हणा बापडे. सरूबाई आपलं कपाळ पुढं करते, हात देत नाही.

बाप मरायला टेकला तेव्हा तिनं विचारलं होतं. "आबा, सखारामचं सांगू का आता लोकांना?" बिरूनं भिंतीकडं तोंड केलं. तेच त्याचं उत्तर. मग भाऊ होता, त्याची अब्रू होती. मग अंगदची पुढारकी होती. गप राहायला काय, रोज एक नवं कारण मिळतं.

पण मेहरू येणार म्हटल्यावर सरूबाईनं ज्ञानेश्वरीला हाताशी धरलं. अंगदची ही पोरगी शहरात कॉलेजला जाते. "सखारामचं कोण राहिलंय बघ. बापाला सांगू नको, नायतर तुझी वेणी कापते." पोरीनं चार दिवसांत शोध लावला. सखारामचा नातू सम्यक, वय बत्तीस, चिकलठाण्याला कंपनीत मशीनवर काम करतो. सरूबाईनं तिच्याकडूनच त्याला सत्काराला यायचा निरोप धाडला. त्याचा बाप मागच्याच वर्षी वारला. म्हणजे ज्या तान्ह्या पोराला घेऊन सखाराम गाव सोडून गेला ते पोर जन्मभर चहाडखोराचं पोर म्हणून जगून गेलंसुद्धा. सरूबाईला एक वर्ष उशीर झाला होता. शहात्तर वर्षं झाली तिथं हे एक वर्ष तिला लई लागलं.

सत्काराच्या दिवशी देवळासमोर मांडव घातला. बिरूचा फेटेवाला फोटो मोठा करून बॅनरवर लावला होता. मेहरू गाडीतून उतरली ती चाकाच्या खुर्चीवरच. पांढरी ओढणी, जाड भिंगाचा चष्मा. दोघी म्हाताऱ्यांनी एकमेकींचे हात धरले ते सोडीचनात. बायका डोळे पुसत होत्या. अंगद मोबाईलवर शूटिंग करत होता.

मांडवाच्या पार मागं, मोटारसायकलपाशी, हेल्मेट हातात धरून सम्यक उभा होता. खुर्च्या रिकाम्या होत्या. कुणी बस म्हणालं नाही.

भाषणं झाली. माणुसकी, बंधुभाव, थोर परंपरा, सगळं झालं. मग अंगद माईकवर म्हणाला, "आता त्या प्रसंगाची साक्षीदार, माझी आत्या, दोन शब्द बोलेल." सरूबाई उठली. माईककडं गेलीच नाही. सरळ पुजाऱ्याच्या परातीकडं गेली आणि दोन्ही मुठी भरून भंडारा उचलला. मांडवात कुजबूज झाली. सरूबाईच्या हातात भंडारा? ज्ञानेश्वरीनं माईक तिच्या तोंडासमोर आणून धरला.

"बिरोबाच्यानं सांगते," सरूबाई म्हणाली, "यासीनला सखारामनं दिला नाय. मी दिला. आबानं खोटी आण घेतली, तो मरंल म्हणून भिऊन मी त्याचं नाव घेतलं. सखारामनं लेकरं खांद्यावर आणली. त्याला मार खाऊ दिला, गाव सोडू दिलं, आबा गप बसला, माय गप बसली, मी गप बसले. तो चहाडखोर नव्हता. चहाडखोर मी. त्याचा नातू तिथं मागं उभा हाय. त्याच्या पाया पडायला पायजेल सगळ्यांनी, आधी मी."

कुणीतरी चुकून टाळी वाजवली आणि थांबला. अंगदनं पुढं होऊन माईक ओढून घेतला. "आत्याचं वय झालंय, तिला भावना अनावर झाल्या..."

"वय झालंय म्हणूनच बोलायले मुडद्या!" सरूबाई मेहरूच्या खुर्चीसमोर गेली. "मेहरू, तू लोकरीत होतीस. दहा पावलांवर. मपला आवाज ऐकला असशील तू. सांग ह्यांना."

सगळा मांडव मेहरूकडं बघायला लागला. मेहरूनं बॅनरवरच्या बिरूकडं बघितलं, मग आपल्या हातांकडं.

"मेरेकू कुछ याद नहीं, बेटा," ती अंगदला म्हणाली. "छोटी थी मैं. कानात लोकर गेली होती."

अंगदनं सुस्कारा टाकला आणि जेवणाची पंगत बसवा म्हणून सांगितलं. सम्यक सरूबाईपाशी आला. "आजी, मी रेकॉर्ड केलंय. आईला ऐकवतो." सरूबाई वाकायला लागली तर त्यानं तिचे हात धरले. जेवायचा आग्रह कुणी केला नाही, आणि तो थांबलाही नाही.

निघताना मेहरूनं सरूबाईला गाडीच्या दारापाशी ओढलं. "मैं सुनी थी, सरू," ती हळू म्हणाली. "आज भी सुनती मैं तेरी आवाज. यासीन भाई का नाम."

"मग काहून नाय बोललीस?"

"बिरूमामा मेरेकू मामू के हवाले करते वखत बोले, बेटी, मेरी बच्ची का नाम कहीं नक्को लेना. जान दी उसने मेरेकू. त्याच्या दारात बसून त्याच्या घराला डाग कैसे लगाऊँ मैं?"

"आणि सखाराम? खांद्यावर आणली तुला त्यानं!"

मेहरूनं चष्मा काढला. डोळे वाहत होते. "हौ. पन उसने मेरेसे कुछ माँगाच नहीं, सरू," ती म्हणाली. नातीनं दार लावलं आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी अंगदनं व्हिडिओ वस्तीच्या ग्रुपवर टाकला. ज्ञानेश्वरीनं आजीला दाखवला. बिरूचा फोटो, मागं गाणं, दोघी म्हाताऱ्यांची गळाभेट, मग सरूबाई दोन्ही मुठींत भंडारा उचलते, आणि लगेच खाली अक्षरं येतात, बिरोबाच्या नावानं चांगभलं.

"मपलं बोलणं कुठं गेलं?"

"पप्पांनी कापलं, आजी."

सरूबाईनं अंगदला असं काही झापलं की बांधावरच्या मेंढरांनी माना वर केल्या. अंगद खाटेच्या कडेला बसून रडला. "आत्या, आबा सोडून आपल्याकडं काय हाय गं? शेत नाय धड, मेंढरं संपत आली. एक आबाचं नाव हाय." त्याचं रडणं खोटं नव्हतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

मग सम्यकनं आपलं रेकॉर्डिंग पाठवलं. पूर्ण. शहरातून वस्तीत, वस्तीतून गावात, दोन दिवसांत सगळ्यांच्या मोबाईलवर गेलं. सरूबाईला वाटलं, झालं, सुटले. पण लोक म्हणायला लागले, म्हातारी असं बोलंल का कधी? कुणी पढवलं तिला? आजोबानं पोरगं दिलं, नातवानं म्हातारी फितवली. जात्याच चहाडखोर हायेत ते. देवाचा भंडारा तिच्या हातात देऊन थोर माणसाची बदनामी केली, हे साधंसुधं नाय. गावातली आठ-दहा पोरं चिकलठाण्याला कंपनीच्या गेटवर जाऊन त्याला "भेटून" आली.

सरूबाईला हे कळलं तेव्हा ती काठी टेकत देवळात गेली. रविवार होता, माणसं होती. तिनं परातीत हात घातला, भंडारा डोक्यावर धरला आणि ओरडली. "मला कुणी पढवलं नाय! मी सांगितलं! मी, मी, मी! ऐका की रे भाड्यांनो!" तिचा आवाज फाटला, भंडारा तिच्याच डोळ्यांत, पदरावर सांडला. पुजारी म्हणाला, "व्हय आत्याबाई, व्हय. बसा सावलीला." एक बाई दुसरीला म्हणाली, साठी बुद्धी नाठी, हिची तर चौऱ्याऐंशी. आठ वर्षांची होती तेव्हा तिचा एक शब्द पुरला होता. तेव्हा कुणी पुरावा मागितला नव्हता, वय विचारलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, म्हातारीला पाणी द्या.

संध्याकाळी ज्ञानेश्वरीनं फोन आणून दिला. सम्यक होता.

"आजी, मी ते काढून टाकलं," तो म्हणाला. "आई घाबरलीय. दार लावून बसतीय. माझी बायको माहेरी गेली पोरीला घेऊन. तुम्ही देवळात पण बोललात म्हणे."

"बोलले. उद्याबी बोलते. रोज बोलते मी."



"नका बोलू, आजी. तुम्ही बोललात की आमच्या दारात येतात. तुमचं खरं हाय, मला माहीत हाय. माझ्या आजोबालाही माहीत होतं. पण आता तुम्ही गप राहा. हात जोडतो."

बोलणारा पोरगा चांगला होता, आवाजसुद्धा चढवला नव्हता. सरूबाईचा हात आपोआप दंडावर गेला, जिथं मायेनं चिमटा काढला होता.

"बरं," ती म्हणाली आणि फोन पोरीला दिला.

शहात्तर वर्षं ती स्वतःच्या घरासाठी गप राहिली होती. आता सखारामच्या घरासाठी गप बसायचं होतं.